इंग्लिश कच्चं असलं तरी चालतंय: कोल्हापुरात कॉलेज करता करता परकीय भाषा कशी शिकायची

दरवर्षी अॅडमिशनचे दिवस आले की ओळखीतली दोन-चार पोरं-पोरी विचारतात, "ताई, जर्मन शिकायचंय, नाहीतर जपानी, पण माझं इंग्लिश कच्चं आहे, जमंल का?" मी दरवेळी एकच सांगते, की परकीय भाषेकडं जायचा रस्ता इंग्लिशमधनंच जातो असं कुणी सांगितलंय तुम्हाला? माझं बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम, बी.कॉम. करताना जर्मन सुरू केलं आणि आज शिरोलीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टच्या टेबलावर बसून रोज जर्मन मेल वाचते, आणि मला जे व्याकरण समजलं ते निम्म्याहून जास्त मराठीमुळं समजलं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

आधी भाषा ठरवा, पण त्यात महिना घालवू नका

माझं सुरू कसं झालं ते सांगते. वडील फौंड्रीत होते, त्यांच्या मशीन शॉपमध्ये एक जुनं जर्मन मशीन होतं, त्याच्या पॅनलवर लाल बटणाखाली दोन शब्द, 'नोट आउस'. सगळे त्याला इंग्लिश 'नॉट' समजायचे. मग कळलं की जर्मनमध्ये 'नोट' म्हणजे आणीबाणी, संकट, आणि 'आउस' म्हणजे बंद, म्हणजे इमर्जन्सीला दाबायचं बटण. तेवढ्या एका बटणानं मला जर्मनकडं ओढलं. तुमचंही असं काहीतरी असंल, अॅनिमे बघता म्हणून जपानी, कुणाला फ्रेंच नुसती ऐकायलाच आवडते. ते कारण खरं धरा, कारण सहाव्या महिन्यात कंटाळा येतो तेव्हा 'स्कोप आहे' हे कारण अजिबात उपयोगी पडत नाही, आवडच कामाला येते.

तरी थोडा हिशोब करा. जर्मन घेतली तर आपल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यातल्या कास्टिंग आणि मशीनिंगच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे, शिवाय जर्मनीत जाऊन शिकायचं किंवा काम करायचं असंल तर ती लागतेच. जपानीत लिपी तीन आहेत, हिरागाना, काताकाना आणि कांजी, त्यामुळं सुरवातीला वेळ जास्त जातो पण वाक्यरचना आपल्यासारखी (पुढं दाखवते, बघून थक्क व्हाल). फ्रेंचमध्ये लिहिलेलं आणि बोललेलं यात मोठं अंतर, पण शब्द बरेच ओळखीचे वाटतात. रशियनमध्ये ३३ अक्षरांची नवी लिपी आणि सहा विभक्त्या.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, 'जर्मनी, सहा महिन्यांत नोकरी' असले बोर्ड बघून घरातले लाख-लाख रुपये कुणाच्या हातात देऊ नका. ए१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पायरीच्या, सर्टिफिकेटवर नोकरी मिळत नाही (या पायऱ्या पुढं सांगते). तिथल्या आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत करत शिकायच्या कोर्सला, साधारण बी१ आणि बऱ्याच ठिकाणी बी२ मागतात, नर्सिंगला तर बी२ पकडूनच चाला. भाषा तुमची तुम्हालाच शिकावी लागणार आहे, एजंट ती शिकून देत नाही.

लेव्हल म्हणजे काय आणि तीन वर्षांत कुठवर

युरोपातल्या भाषांना ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पायऱ्या आहेत, जपानीला एन५ ते एन१, आणि तिथं उलटं, एन५ सगळ्यात सोपी. जर्मनची ए१ पूर्ण करायला ४५ मिनिटांचे साधारण ८० ते २०० तास धरतात आणि बी१ पर्यंत सगळे मिळून ३५० ते ६५०. मिनिटांचा हिशोब केला की कळतं, रोज खरोखरचा एक तास दिला तर पहिल्या वर्षी ए१, दुसऱ्या वर्षी ए२ आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बी१, हे डिग्री सांभाळून आरामात बसतं. इंजिनीअरिंगवाल्यांना तर चार वर्षं आहेत.

क्लास कुठं लावायचा

पहिलं आपल्या शिवाजी विद्यापीठात जाऊन या. १९६२ सालचं विद्यापीठ, परकीय भाषांचा विभाग आहे, जर्मन, जपानी, रशियन असे कोर्स चालतात, आणि कितीतरी पोरांना हे डिग्री संपली तरी माहीत नसतं. बाहेरच्या क्लासच्या मानानं फी खूपच कमी पडते. जून-जुलैत अॅडमिशनची चौकशी करा, वेबसाईटवर अवलंबून न राहता विभागात समक्ष जा, यंदा कोणत्या भाषा आहेत, वेळ काय, तुमच्या कॉलेजच्या लेक्चरशी बसते का, सगळं तिथंच विचारा. फक्त एक ध्यानात ठेवा, विद्यापीठाचं सर्टिफिकेट आणि गोएथे (जर्मनची) किंवा जेएलपीटी (जपानीची) या बाहेरच्या परीक्षांचं सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशातली युनिव्हर्सिटी किंवा व्हिसावाले दुसरं मागतात. शिकायचं विद्यापीठात आणि परीक्षा बाहेरची द्यायची, ही जोडणी मला सगळ्यात भारी वाटते.

प्रायव्हेट क्लासबद्दल माझा अनुभव वाईट आहे. पहिल्यांदा मी एका क्लासला गेले, ४५ दिवसांत ए१ म्हणाले होते, सर फळ्यावर इंग्लिशमध्ये व्याकरण लिहायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो, संपूर्ण कोर्समध्ये एकदाही ऑडिओ लावला नाही. परीक्षेत लिसनिंग सुरू झालं आणि मला एक वाक्य धड कळंना, नुसता आवाजाचा लोट आला कानावर. नापास झाले. घरी सांगताना जे वाटलं ते अजून विसरले नाही, कारण फी वडिलांनी ओव्हरटाईम करून भरली होती.

म्हणून क्लास लावायच्या आधी एक डेमो लेक्चर मागाच, आणि त्यात बघा: शिक्षक त्या भाषेत किती बोलतात, पोरांना किती बोलायला लावतात, ऐकवतात का. एका बॅचला किती जण ते विचारा, पंधराच्या वर असंल तर बोलायचा नंबर येत नाही. शिकवणाऱ्याची स्वतःची लेव्हल काय, हे विचारायला लाजू नका, चांगला शिक्षक आनंदानं सांगतो. ऑनलाईन शिकायचं असंल तर पुण्याचं मॅक्सम्युलर भवन (जर्मनसाठी) आणि आलियाँस फ्राँसेज (फ्रेंचसाठी) यांच्या बॅचची चौकशी करा, महाग आहेत पण शिकवतात नीट.

पहिले पंधरा दिवस फक्त कान आणि तोंड

व्याकरणाचं पुस्तक उघडू नका. आधी आवाज. इथं मराठी माणसाकडं असा माल आहे जो कुणी मोजतच नाही. आपल्याकडं च दोन आहेत, 'चाक' मधला आणि 'चिंच' मधला. जर्मनच्या झेड अक्षराचा उच्चार म्हणजे चाकातला च. दहाला 'त्सेन' म्हणतात, हिंदी किंवा इंग्लिशवरनं शिकणाऱ्याला तो वेगळा घोटावा लागतो, आपण 'चूल' म्हणतो तिथं तो आधीच आहे. जपानीतलं 'त्सु' म्हणजे त्याच चुलीतला चु.

जे आपल्याकडं नाही ते वेगळं काढा. जर्मनमध्ये यू वर दोन टिंबं असतात, तो उच्चार असा करा: ओठ 'ऊ' म्हणायला केल्यासारखे गोल करा, तसेच ठेवा आणि आतनं 'ई' म्हणा. ओ वर दोन टिंबं असली तर ओठ 'ओ' चे आणि आतनं 'ए'. फ्रेंचचा यू पण पहिल्यासारखाच. आरशासमोर दहा मिनिटं, पंधरा दिवस, तोंडाला सवय लागते. देवनागरीत उच्चार लिहून घेतला तरी चालतं, पण पहिले दोन आठवडेच, नंतर सोडा, नाहीतर ती दोन टिंबं कायमची हरवतात आणि तुम्ही आयुष्यभर 'ऊ' च म्हणत राहता.

जपानीवाल्यांनो, हिरागाना ४६ अक्षरं बघून घाबरू नका. क्रम म्हणून बघा: आ ई ऊ ए ओ, का की कू के को, मग सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बाराखडीच झाली की! हा योगायोग नाही, बौद्ध धर्माबरोबर संस्कृतच्या वर्णमालेचा अभ्यास तिकडं पोचला आणि त्यांच्या अक्षरांचा क्रम त्यावरनं लागला. रोज एक ओळ, दहा वेळा हातानं लिहायची, दहा-बारा दिवसांत हिरागाना होते, पुढच्या दहा-बारा दिवसांत काताकाना. ऱ्हस्व-दीर्घाकडं मात्र लक्ष द्या, 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी, एवढ्याशा लांबीनं माणूस बदलतो.

व्याकरण मराठीवर बसवा

हा भाग मी सगळ्यात जास्त जीव लावून सांगते, कारण इथंच मराठी मीडियमची पोरं स्वतःला कमी समजतात आणि इथंच ती पुढं असतात.

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, डेर, डी, डास. इंग्लिशमधनं शिकणारा डोकं धरून बसतो, टेबलाला कसलं लिंग! आपल्याला काय, तो, ती, ते. डास हाउस म्हणजे ते घर, डास किंड म्हणजे ते मूल, डास वासर म्हणजे ते पाणी, डास बूख म्हणजे ते पुस्तक. सगळीच जुळत नाहीत, त्यांचा सूर्य बाई आहे, 'डी झोन्न', म्हणून पाठ करावंच लागतं, पण कल्पना नवी नाही. मुलीला 'डास मेडशन', नपुंसकलिंग, यावर सगळ्या क्लासमध्ये चर्चा होते. अरे, आपण 'ते पोरगं' म्हणतोच की, कोकरू, वासरू, लेकरू, लहान जीवाला 'ते' लावायची आपली सवयच आहे. जर्मनमध्ये शेवटी 'शन' लागलं की वस्तू लहान होते आणि 'डास' होते.

मग येतात विभक्त्या, जिथं निम्मी बॅच गळते. हे वाक्य बघा: 'इश गेब डेम मान डास बूख', मी त्या माणसाला ते पुस्तक देते. 'तो माणूस' चं 'त्या माणसाला' झालं ना? तसंच 'डेर मान' चं 'डेम मान' झालं. 'ते पुस्तक' तसंच राहिलं, 'डास बूख' पण तसंच राहिलं. सामान्यरूप तुम्ही दोन वर्षांचे असल्यापासून करताय, कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक नवीन नियम आला की आधी मराठी वाक्य लिहायचं, त्यात कुठला शब्द वाकला ते अधोरेखित करायचं, मग जर्मनकडं जायचं. 'कारण मी आजारी आहे' हे 'वाइल इश क्रांक बिन', शब्दाखाली शब्द ठेवून बघा, क्रियापद शेवटी, तंतोतंत आपलं. आकडे पण, एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो मग वीस, तेही 'आइन उंट त्स्वांत्सिश', एक आणि वीस. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'कात्र व्हँ', म्हणजे चार वीस, गावाकडं म्हातारी माणसं 'चार विसा' म्हणायची तेच.

जपानीची तर गंमत ऐका. 'दाइगाकु नो गाकुसेइ देसु का?' दाइगाकु म्हणजे विद्यापीठ, नो म्हणजे चा, गाकुसेइ म्हणजे विद्यार्थी, देसु म्हणजे आहे, आणि का म्हणजे, का! विद्यापीठाचा विद्यार्थी आहेस का. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. हेच वाक्य इंग्लिशमध्ये नेऊन मग जपानीत आणलं तर सगळं दोनदा उलटंपालटं करावं लागतं. म्हणून वहीत अर्थ मराठीत लिहा, इंग्लिशमध्ये नको.

एक सावधगिरी फ्रेंचवाल्या पोरींसाठी. आपण कोल्हापूरच्या पोरी घरात 'मी आलो, मी गेलो' म्हणतो, लाडानं, हक्कानं, ते बदलायची गरज नाही. पण फ्रेंचमध्ये 'मी गेले' लिहिताना स्त्रीलिंगाचं एक जादा 'ई' लागतं, उच्चारात ऐकू येत नाही, आणि माझ्या मैत्रिणीचे त्यातच सारखे मार्क जायचे. तिनं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'गेले' असं लिहून ठेवलं होतं, मग थांबलं.

शब्दांचा डबा

एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरवातीलाच भराभर विसरतं, आणि मधे मधे अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. याच्यावरच अँकीसारखी अॅप चालतात, अँड्रॉइडवर फुकट आहे, वापरा. पण मी हातानं केलं आणि मला तेच जास्त लाभलं. घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतोच, त्यांची मागची कोरी बाजू कापून पत्त्याएवढी कार्डं केली. एका बाजूला जर्मन शब्द आर्टिकलसकट, डेर निळ्या पेनानं, डी लाल, डास हिरव्या, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि एक छोटं वाक्य. चपलेच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज बघायची, आलं की दुसऱ्या कप्प्यात, तो दर तीन दिवसांनी, तिथंही आलं की तिसऱ्यात, तो आठवड्यानं. चुकलं की कार्ड परत पहिल्या कप्प्यात, मग ते कितीही पुढं गेलेलं असू दे.

रोज दहा नवे शब्द, त्याहून जास्त नको. आणि शब्द स्वतःच्या घरातले घ्या. पुस्तकात विमानतळ आणि हॉटेल असतं, मी 'गीसराय' आधी शिकले, म्हणजे फौंड्री, कारण 'गीसन' म्हणजे ओतणं, आणि वडिलांना संध्याकाळी तो शब्द म्हणून दाखवला. तो एकदाच पाठ केला, परत बघावा लागला नाही.

रोजचा तास कुठनं काढायचा

सकाळी वीस मिनिटं कार्डं, चहाच्या आधी. केएमटीत किंवा एसटीत कानाला हेडफोन, पण गाणी नको, कोर्सचा ऑडिओ, तोच तोच धडा आठवडाभर. जर्मनसाठी डॉइच वेलेवर सगळे कोर्स फुकट आहेत, जपानीसाठी एनएचके वर्ल्डवर धडे आहेत आणि ते हिंदीतनं पण मिळतात, फ्रेंचसाठी आरएफआय आणि टीव्ही५ मोंद यांच्या साईट. रात्री अर्धा तास लिखाण, त्यातली पाच वाक्यं आजच्या दिवसाची, आज काय खाल्लं, कोण भेटलं, काय झालं, चुकीची असली तरी चालतील.

सेमिस्टरची परीक्षा आली की बंद करू नका, कमी करा. फक्त कार्डं आणि ऑडिओ चालू ठेवा, नवीन काही नको. महिनाभर पूर्ण सोडलेल्यांपैकी परत आलेले फार थोडे बघितलेत मी.

बोलायला जोडीदार लागतोच. बॅचमधली एक मैत्रीण पकडली होती, रविवारी संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी, आणि नियम एकच, संध्यामठ दिसेपर्यंत मराठी बोलायचं नाही. सुरवातीला 'पाणी सुंदर आहे', 'मला भूक लागली' यापलीकडं काही जमत नव्हतं, लोकं वळून बघायची. तीन महिन्यांनी आम्ही भेळेच्या गाडीवर भांडण पण जर्मनमध्ये केलं. जोडीदार नसंल तर मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, मूळ ऑडिओशी लावून ऐका, नको वाटतं ऐकायला पण चूक लगेच कानात भरते.

परीक्षा

तारीख आधी ठरवा, अभ्यास आपोआप मागनं येतो. जेएलपीटी वर्षातनं दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पुण्यात सेंटर आहे, फॉर्म तीन-चार महिने आधी भरावा लागतो आणि जागा भरतात. एन५ ला १८० पैकी ८० लागतात, पण तेवढ्यावर भागत नाही, शब्द-व्याकरण-वाचनात १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ हे वेगवेगळे पण पाहिजेत. सगळे पर्याय निवडायचे प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही गोल रिकामा सोडू नका. डिसेंबरची परीक्षा विद्यापीठाच्या पेपरांच्या आसपास येते, पहिल्या वर्षी जुलैच बरी.

जर्मनची गोएथे ए१ पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते, त्यांचा कोर्स केलेला नसला तरी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, १०० पैकी ६० ला पास. फ्रेंचच्या डेल्फला १०० पैकी ५०, पण प्रत्येक भागात २५ पैकी निदान ५. जुन्या नमुना प्रश्नपत्रिका त्यांच्या त्यांच्या साईटवर फुकट मिळतात, घड्याळ लावून किमान चार सोडवा, आणि लिसनिंग मोबाईलच्या स्पीकरवर खोलीत ठेवून ऐका, हेडफोननं नको, कारण परीक्षेत हॉलमधल्या स्पीकरवरनं येतं. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

पुणे साधारण २३० किलोमीटर, सकाळच्या परीक्षेला पहाटेच्या गाडीनं जायचं धाडस करू नका, हायवेला काय होईल सांगता येत नाही. आदल्या दिवशी दुपारी पोचा, सेंटर डोळ्यांनी बघून या. नाव फॉर्मवर पासपोर्टप्रमाणंच भरा, पासपोर्ट नसंल तर पहिल्या वर्षातच काढून ठेवा, वडिलांचं नाव मधे आहे का नाही एवढ्यावरनं पुढं कागदं अडतात.

ए१ च्या बोलण्याच्या भागात पहिलं काम म्हणजे स्वतःची ओळख, नाव, वय, गाव, भाषा, छंद, आणि मग ते एखादं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगायला लावतात आणि एखादा नंबर विचारतात. इथं चांगली चांगली पोरं अडखळतात, कारण इंग्लिश एबीसीडी तोंडात बसलेली असते. म्हणून आज रात्रीच सुरू करा, आधी स्वतःचं नाव, मग गावाचं: का, ओ, एल, हा, आ, पे, ऊ, एर.